लाभ, दोन, तीन

"सर, यंत्र चुकतंय," धुळ्याच्या टीमचा अविनाश उभा राहून म्हणाला.

यंत्र खुर्चीत बसून घाम पुसत होतं. त्याच्यापुढे दोन पाट्या होत्या. एकीवर वजन लिहिलेलं होतं. उत्तर यायचं ते दुसरीवर, आणि धुळ्याच्या वेळी ती कोरी निघाली होती.

यंत्राचं नाव प्रधान. माझा मुंबईतला सहकारी, जन्म गिरगावातला, नंदुरबारला पहिल्यांदाच आलेला. कॉम्प्युटरचं काम माणसाने का करावं लागलं, ते आधी सांगतो.

साठीचं दशक सरत आलं होतं. मी मुंबईत एका कंपनीच्या डेटा प्रोसेसिंग डिपार्टमेंटमध्ये होतो. आमच्याकडे एक कॉम्प्युटर होता. तो एका थंड खोलीत राहायचा आणि आम्ही बाहेर उकाड्यात. त्याला काम सांगायचं तर एकेक सूचना एकेका कार्डावर द्यावी लागे. अशा सूचनांच्या गठ्ठ्याला प्रोग्रॅम म्हणतात. मशीन वाटतं तितकं हुशार नसतं. ते फक्त आज्ञाधारक असतं, आणि आज्ञाधारक नोकर मूर्ख मालकाचं जे करतो तेच ते तुमचं करतं. म्हणून सूचना नीट देणारी पोरं आम्हाला हवी होती.

साहेबांना मी म्हणालो, "सर, आपण पोरं फक्त मुंबईच्या कॉलेजांतून घेतो. एकदा आमच्याकडे स्पर्धा घेऊ. नंदुरबारला."

"तिथे प्रोग्रॅमिंग कशावर करणार? बैलगाडीवर?"

"कागदावर, सर."

"आणि रन?"

"माणसांवर."

साहेब हसले. मग म्हणाले, "जिंकेल त्या टीमच्या तिघांना ट्रेनी म्हणून घेऊ, डिग्री झाली की. पोरं बरी निघाली तर पुढच्या वर्षी पुन्हा जा. नाही निघाली तर हा विषय परत माझ्या टेबलावर आणू नकोस."

तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यात होतं. मी जवळच्याच सारंगखेड्याचा. सुरतेला गाडी बदलून प्रधानला घेऊन आलो. कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही मशीन उभं केलं, म्हणजे एक टेबल, एक खुर्ची, दोन पाट्या, पाटीवरच्या पेन्सिली आणि प्रधान. टीमने मराठीत लिहिलेली सूचनांची कार्डं प्रधानपुढे ठेवायची. त्याने एकेक कार्ड वाचायचं आणि त्यात असेल तेवढंच करायचं. माझे नियम दोनच. यंत्र काही विचारत नाही. आणि यंत्र चालू असताना कोणी बोलायचं नाही. हे नियम मीच केले होते आणि मला त्यांचा फार अभिमान होता.

मशीनचा आणखी एक भाग लागणार होता, काउंटर. कार्डावर 'मोज' आलं की काउंटरने पुढचा आकडा मोठ्याने म्हणायचा आणि प्रधानने तो धरून चालायचा. हे काम मी एका विद्यार्थ्याला देणार होतो. पण प्रिन्सिपॉल साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"आप्पांना काहीतरी द्या हो."

आप्पा म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे संचालक. शहादा तालुक्यातले मोठे शेतकरी. सकाळचा नाश्ता त्यांचा, दुपारचं भरीत आणि कळण्याची भाकरी त्यांची, हॉलमधल्या सतरंज्याही त्यांच्याच घरच्या. सकाळपासून ते पहिल्या रांगेत फेटा सावरत बसले होते आणि आपलं नेमकं काम काय, अशा नजरेने माझ्याकडे बघत होते.

"कोनना पोऱ्या तू?" त्यांनी मला अहिराणीत विचारलं.

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"आसं का. मंग घरनाच शे." आणि मग, चहा घेऊ का म्हणावं इतक्या सहज, "मन्ही नात बी शे तुन्हा या खेयमा. सुमित्रा. मी तिले सांगी टाकेल शे. जिकनी तर जाय मुंबईले. हारनी तर लगीन."

आमच्याकडे दर दुसरा माणूस पाटील. आलेल्या पोरांपैकी निम्मी पाटील होती, त्यामुळे आडनावावरून कोण कोणाचं ते कळायला मार्ग नव्हता. आप्पांनी बोटाने दाखवली तेव्हा सुमित्रा कळली. नंदुरबारच्या टीमची लीडर, बी.एस्सी.ला गणित. दोन मुलगे आणि ती. आजोबा काय सांगताहेत ते तिला लांबूनही कळलं असावं, कारण तिने मान खाली घातली.

नात स्पर्धेत आणि आजा मशीनमध्ये, हे मला जरा खटकलं. पण नुसते आकडे ओरडण्यात कसला आलाय पक्षपात, असं म्हणून मी आप्पांना प्रधानशेजारी बसवलं. आप्पा खूश झाले. प्रिन्सिपॉल साहेब माझ्यापेक्षा जास्त.

सकाळची फेरी झकास झाली. सोप्या प्रश्नांवर टीम गळत गेल्या आणि दुपारी दोनच उरल्या, धुळे आणि नंदुरबार.

फायनलचा प्रश्न मी तयार केलेला. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या ओळीने उभ्या आहेत. प्रत्येक गाडीचं वजन एका चिठ्ठीवर आहे आणि चिठ्ठ्यांचा ढीग यंत्रापुढे आहे. सगळ्यात भारी गाडी कितवी, ते यंत्राने सांगायचं. एका पाटीवर 'भारी' असं नाव, आतापर्यंतचं मोठ्यात मोठं वजन त्यावर. दुसरीवर 'क्रमांक', त्या गाडीचा नंबर त्यावर. एकेक चिठ्ठी उचलायची, मोजायचं, आधीच्यापेक्षा भारी निघाली तर दोन्ही पाट्या पुसून नव्याने लिहायच्या. चिठ्ठ्या संपल्या की क्रमांकाची पाटी वाचून थांबायचं. काम एवढंच.

दोन्ही टीमची कार्डं माझ्या ताब्यात आली. पहिल्या ढिगावर दोघांची उत्तरं बरोबर आली. मग मी दुसरा ढीग काढला. प्रोग्रॅमची परीक्षा घ्यायला मुद्दाम निवडलेल्या आकड्यांना टेस्ट डेटा म्हणतात, आणि चांगला टेस्ट डेटा थोडा दुष्ट असावा लागतो. माझ्या दुसऱ्या ढिगात पहिलीच गाडी सगळ्यात भारी होती.

धुळ्याचा प्रोग्रॅम लागला. प्रधानने चिठ्ठ्या उचलल्या, आप्पांनी आकडे म्हटले. शेवटी प्रधानने क्रमांकाची पाटी उचलली आणि ती कोरी निघाली. नंदुरबारचा प्रोग्रॅम लागला. त्याच चिठ्ठ्या, तेच आकडे, आणि पाटीवर चक्क १. बरोबर उत्तर. टाळ्या पडल्या. सुमित्राच्या टीममधला एक मुलगा बाकावरच उभा राहिला. आप्पांनी फेटा सावरला.

तेव्हा अविनाश उठला आणि यंत्र चुकतंय म्हणाला.

मी धुळ्याची कार्डं हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाचली. कार्डांत खोट नव्हती. पहिली चिठ्ठी आल्यावर क्रमांकाच्या पाटीवर एक लिहिला जायलाच हवा होता. मग मी माझाच नियम मोडला आणि यंत्राला विचारलं.

"प्रधान, पहिल्या चिठ्ठीला तू पाटीवर काय लिहिलंस?"

"काही नाही."

"का?"

"आकडाच आला नाही ना. आप्पासाहेब दोनपासून मोजतात. त्याआधी ते देवाचं काहीतरी म्हणतात. लाभ की काय."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग सगळा हॉल हसायला लागला. प्रधान बिचारा कावराबावरा होऊन इकडेतिकडे बघत होता.

आमच्याकडे खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार, असं पुढे. एक म्हटलं तर बरकत जाते म्हणे. मी लहानपणापासून हे ऐकलेलं. आप्पा सकाळपासून लाभ म्हणत होते आणि माझ्या कानाला ते 'एक'च ऐकू येत होतं. माझ्याच कशाला, हॉलमधल्या सगळ्यांच्या. सगळ्या हॉलमध्ये एकट्या प्रधानला ते वेगळं ऐकू आलं होतं, आणि त्याला विचारायची मी बंदी केली होती. आकडा आला नाही म्हणून यंत्राने काही लिहिलं नाही. आज्ञाधारकपणा म्हणतात तो हा. सकाळच्या प्रश्नांत कुठे उत्तर एक नव्हतं, म्हणून ही खोड झाकून राहिली होती.

"मग नंदुरबारच्या पाटीवर एक आला कुठून?" अविनाशने विचारलं. प्रश्न रास्त होता.

मी त्यांची कार्डं वाचली. सगळं धुळ्यासारखंच होतं, फक्त शेवटून दुसरं एक कार्ड जास्त होतं. 'क्रमांकाची पाटी कोरी असेल तर तिच्यावर १ लिही.'

"हे का घातलंस?" मी सुमित्राला विचारलं.

"सकाळी मी पुढे बसले होते, सर. आप्पा लाभ म्हणाले की प्रधान सरांची पेन्सिल हलत नव्हती. दोन म्हणाले की हलायची. म्हणजे या यंत्रात एक नाहीच, असं कळलं."

"मग सांगायचं नाही का?"

"यंत्र चालू असताना बोलायचं नाही, असा नियम होता. आणि मला वाटलं, तुम्ही मुद्दामच तशी खोड ठेवलीय. कोणाच्या लक्षात येते का बघायला."

मला तेवढी अक्कल असती तर काय हवं होतं. 

आता पेच असा होता. जे मशीन मी तोंडी सांगितलं होतं, त्यावर धुळ्याचा प्रोग्रॅम अचूक होता. जे मशीन टेबलापाशी बसलं होतं, त्यावर सुमित्राचा. आमच्या धंद्यात हा वाद आजही मिटलेला नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं लिहावं, की मशीन वागतं तसं? सुमित्राने निरखून, चाचपून मशीनची खोड ओळखली होती. असा माणूस डिपार्टमेंटमध्ये असावा म्हणून मी एवढ्या लांब आलो होतो. मला ती जिंकायला हवी होती, हे सरळच सांगतो.

पण अविनाश म्हणाला, "सर, काउंटर तिचे आजोबा आहेत. ते लाभ म्हणतात हे तिला आधीपासून माहीत. आम्ही धुळ्याचे, लाभ आम्हालाही कळतो. पण आम्ही यंत्रावर विश्वास ठेवला, त्याची आम्हाला शिक्षा?"

तो चढ्या आवाजात बोलला नाही. म्हणून ते जास्त लागलं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली आणि त्यात 'पक्षपात' हा शब्द दोनतीनदा ऐकू आला. तो आप्पांनीही ऐकला.

"मशीन दुरुस्त करून पुन्हा रन घेऊ," मी म्हणालो. दुसरा न्याय नव्हता. "आप्पा, तुम्ही लाभच्या ऐवजी एक म्हना."

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "पहिला मापले कोनी एक म्हनस का? मन्हा बाप नही म्हनना, मन्हा आजा नही म्हनना."

"आप्पा, आठे काय माप नही. चिठ्ठ्या शेत नुसत्या."

"कापूसन्या गाड्या शेत ना त्या? तूच सांगं."

 प्रिन्सिपॉल साहेब मध्ये पडले. म्हणाले, प्रधान सरांनाच सांगू की लाभ म्हणजे एक, झालं. प्रधान मान हलवत होता, त्याला तर कधी एकदा सुटतो असं झालं होतं. धुळ्याच्या पोरांचीही हरकत नव्हती. मी हो म्हणणार, एवढ्यात आप्पाच उठले.

"थांबा. मी आठे कोनले जिकाडाले बठेल शे का?" ते सगळ्या हॉलकडे वळून म्हणाले. "उद्या चार लोके म्हनतीन, आजानी नातले जिकाडं. ते माले नही चालाव."  फेटा काढून मांडीवर घेतला. "मी एक म्हनसू."

सत्तरीचा माणूस. खळ्यावर, जिनिंगमध्ये, बाजारात, जन्मभर एक न म्हटलेला. समोर बसलेल्यांत त्यांच्याच गावचे चारदोन शेतकरी होते, त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. मला त्या क्षणी आप्पांपुढे फार लहान वाटलं. पण स्पर्धा चालवायची होती, तेव्हा मी दोन्ही टीमना त्यांची कार्डं परत देऊन विचारलं, "मशीन दुरुस्त झालंय. कोणाला एखादं कार्ड बदलायचंय? काढायचंय? आत्ताच सांगा."

अविनाश म्हणाला, नाही.

सुमित्रा हातातल्या कार्डांकडे बघत होती. तिनेही मान हलवली. नाही.

मी नवा ढीग लावला, पुन्हा पहिली गाडी भारी असलेला. प्रधानने पहिली चिठ्ठी उचलली. आप्पांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "एक." आवाज सकाळसारखा नव्हता. पुढचे आकडे मात्र खणखणीत आले.

दोन्ही टीमचं उत्तर बरोबर. बरोबरी.

माझ्या खिशात तिसरा टेस्ट डेटा होता. बरोबरी झाली तर वापरायचा म्हणून मुंबईहूनच आणलेला एक लिफाफा. मी तो प्रधानपुढे ठेवला. तो रिकामा होता. आवारात एकही गाडी आलेली नाही, तर भारी गाडी कितवी? सुट्टीच्या दिवशीही प्रोग्रॅमला शहाण्यासारखं वागता आलं पाहिजे.

धुळ्याचा प्रोग्रॅम लागला. चिठ्ठी नाही, मोजणं नाही. प्रधानने क्रमांकाची पाटी उचलून दाखवली. कोरी. गाडी नाही तर नंबरही नाही. बरोबर.

नंदुरबारचा लागला. चिठ्ठी नाही. मोजणं नाही. मग शेवटून दुसरं कार्ड आलं. पाटी कोरी असेल तर १ लिही. प्रधानने हातात पेन्सिल घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. तो विचारू शकत नव्हता, मीही सांगू शकत नव्हतो. त्याने पाटीवर १ लिहिला. रिकाम्या आवारातली पहिली गाडी सगळ्यात भारी ठरली.

मशीनची खोड झाकायला प्रोग्रॅमला जे ठिगळ लावतात, त्याला आम्ही पॅच म्हणतो. मशीन दुरुस्त झालं की पॅच काढायचा असतो. नाही काढला तर तो आपल्यालाच चावतो. हे मला माहीत होतं. तिला ते माहीत असायचं कारण नव्हतं. तिचा तो पहिलाच प्रोग्रॅम होता.

धुळे जिंकलं. अविनाश सुमित्रापाशी गेला आणि काहीतरी बोलला. ती हसली, पण ते हसू तिथल्यातिथे विरलं. बक्षीस समारंभात मी काय भाषण केलं ते आठवत नाही. वाईट झालं असणार.

नंतर मी आप्पांना गाठलं. ते ओट्यावर एकटेच बसले होते.

"आप्पा," मी म्हणालो, "ती हारनी, पन तिन्हासारखी पोर मी मुंबईमा बी देखेल नही. मशीन आम्ही नीट करं म्हनीसन ती हारनी."

"माले समजस ते. हारनी ती हारनी."

"मंग आते लगीन?"

आप्पांनी फेटा नीट केला. मग म्हणाले, "सबद मन्हा शे. मोडाव नही. हारनी तर लगीन, आसं म्हननू मी. म्हननू ना?"

"हो."

"कव्हय, ते म्हननू का?"

केव्हा, ते त्यांनी खरंच म्हटलं नव्हतं.

"तुन्हं यंत्र जेवढं लिखेल शे तेवढंच करस ना? मंग मी बी तेवढंच करसू. लगीन व्हई, पन कव्हय, ते मन्हा हातमा शे. तू पुढला साल परत ये."

मुंबईला परतल्यावर साहेबांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "हरलेल्या मुलीसाठी पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा?" मी म्हणालो, धुळ्याची तीन पोरं तर घेऊन बघा. ती घेतली, चांगली निघाली, आणि पुढच्या वर्षी मला पुन्हा पाठवलं. सुमित्रा त्या वर्षी जिंकली. काउंटरला मी या खेपेस प्रिन्सिपॉल साहेबांना बसवलं होतं. आप्पा पहिल्या रांगेत होते.

ती आमच्याकडे बरीच वर्षं होती. लग्नही झालं, तिच्या पसंतीने, आणि आप्पांनी ते थाटात लावून दिलं. एकदा कॅन्टीनमध्ये बसलो असताना मी विचारलं, "त्या दिवशी मी कार्ड बदलायचंय का म्हणून विचारलं होतं. एवढं लक्ष असलेली तू, आणि ते एक कार्ड तुला दिसू नये?"

"आप्पा एक म्हणतो म्हणाले, सर," सुमित्रा म्हणाली. "त्यानंतर मला एकही कार्ड वाचता येत नव्हतं. डोळे भरून आले होते."

तेव्हा नव्या पोरांना मी सांगतो ते इथेही सांगतो. मशीन दुरुस्त झालं की प्रोग्रॅम पुन्हा तपासावा. पण लगेच तपासू नये. आधी सगळ्यांना चहा सांगावा.